नऊ फुटांचं पुष्पक, बेलापूरच्या शेडमधून

हा भाग ऐकायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसेल तर खाली सगळं लिहून दिलंय, एसटीत बसून वाचा. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' बरेचसे काढलेत, थोडे मुद्दाम ठेवलेत.

आधी एक खुलासा, कारण दर वेळी कमेंटमध्ये येतं. मी बेलापूरचा आहे, पण हार्बर लाइनवाल्या बेलापूरचा नाही. आमचं बेलापूर श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेच्या काठचं. बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशनसुद्धा आमच्या गावात नाही, ते श्रीरामपूर शहरात आहे. त्यामुळे आमच्याकडे येणारा पाहुणा एकदा तरी चुकतोच. असो.

विषय आहे विमान. रिमोटवर उडणारं, पण बाजारात मिळणाऱ्या हातभर खेळण्यासारखं नाही. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत दोन मीटर चौऱ्याहत्तर सेंटीमीटर, म्हणजे नऊ फूट. पेट्रोलवर चालणारं, वजन दहा किलोच्या थोडं वर. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं आधी खताच्या गोण्या आणि ठिबकच्या नळ्या असायच्या, तिथं मी ते तीन वर्षं शनिवार-रविवार बांधत होतो. सोमवारी सकाळी पुण्याला ऑफिस.

विमान कोणतं? इथं बहुतेक लोक अमेरिकन पायपर कब बांधतात, कारण त्याचं किट तयार मिळतं. मला आपल्याकडचं हवं होतं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं, बंगळुरूला 'पुष्पक' नावाचं दोन माणसांचं छोटं विमान बनवलं होतं. २८ सप्टेंबर १९५८ ला ते पहिल्यांदा उडालं. नंतर देशभरातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये पोरं त्याच्यावर विमान चालवायला शिकली. पंख वर, खाली आधाराच्या तिरक्या दांड्या, पुढं नव्वद हॉर्सपॉवरचं इंजिन, अंगावर कापड. दिसायला एकदम साधं, आपल्या एम-८० सारखं. पंख छत्तीस फूट. त्याला चारानं भागलं की नऊ फूट. म्हणून माझं मॉडेल क्वार्टर स्केल, चौथा हिस्सा.

आता इथं जरा थांबा, कारण सगळा खेळ इथं आहे. लांबी चौपट कमी केली की पंखाचं क्षेत्रफळ चौपट कमी होत नाही, सोळापट कमी होतं. आणि वजन? ते आकारमानावर जातं, म्हणजे चौसष्टपट कमी. खऱ्या पुष्पकचं भरलेलं वजन साधारण ६१२ किलो. भागिले चौसष्ट, साडेनऊ किलो. म्हणजे हुबेहूब बांधलं तर माझं विमान साडेनऊ किलोचं व्हायला पाहिजे. माझं दहा किलो दोनशे ग्रॅम भरलं. यावर मी खूश आहे, कारण घरी बांधलेली मॉडेलं बघता बघता फुगतात. वर एक थर गोंद, इथं एक जादा पट्टी, 'असू दे मजबूत', झालं बारा किलो.

आणि हो, मोठं मॉडेल लहानापेक्षा चांगलं उडतं. लहान मॉडेल हवेच्या प्रत्येक झुळकीला पतंगासारखं थरथरतं. मोठं मॉडेल तीच झुळूक अंगावर घेऊन पुढं जातं. बघणाऱ्याला ते खऱ्या विमानासारखं दिसतं, सावकाश वळतं, सावकाश उतरतं. पण त्याची किंमत असते. ती पैशात पण असते, आणि दुसरी जी असते तिच्याबद्दल बोलायला मी आज बसलोय.

लाकडापासून सुरू करतो. विमानाच्या फासळ्या, म्हणजे पंखाला आकार देणारे पातळ तुकडे, मी बाल्साचे कापले. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड, हातात घेतलं तर थर्माकोलसारखं हलकं. आपल्याकडं बहुतेक बाहेरून येतं आणि त्याचे पैसे बघून आमच्या आईनं विचारलं होतं, "सागवान आहे का रे हे?" जिथं ताण येतो तिथं प्लाय. पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य पट्टी, आपल्या घराच्या आढ्यासारखी, ती मी चांगल्या सरळ रेषांच्या लाकडाची गावातल्या सुतारकाकांकडून रंधून घेतली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वाकायला पाहिजे का नको?" अख्ख्या प्रोजेक्टमध्ये मला कोणी विचारलेला हा सगळ्यात हुशार प्रश्न. उत्तर असं, की थोडी वाकली पाहिजे, पिळली नाही पाहिजे. पंख वर-खाली वाकला तर चालतं. पण पिळला, तर वेगात असताना तो फडफडायला लागतो आणि दोन सेकंदात तुटतो. म्हणून खाली त्या तिरक्या दांड्या. माझ्या मॉडेलमध्ये त्या शोभेच्या नाहीत, भार घेणाऱ्या आहेत.

वरून चढवायची ती उष्णतेनं आकसणारी फिल्म. कपड्यांची इस्त्री, कमी तापमान, आणि भरपूर संयम. रंग पांढरा आणि भगवा-केशरी. हा रंग हौसेसाठी नाही घेतला. दीडशे मीटरवर विमान काळं ठिपक्यासारखं दिसतं, ते येतंय का जातंय कळत नाही. पंखाची खालची आणि वरची बाजू वेगळ्या रंगाची असेल तर कळतं.

आता इंजिन. पस्तीस सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. शेतकरी घरातल्या पोरांना ओळखीचं वाटेल, कारण पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप आणि ग्रास कटर यांचं इंजिन याचं सख्खं चुलत भावंड आहे. तसाच कार्बोरेटर, तसेच हाय आणि लोचे दोन स्क्रू, तसंच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, माझ्यात तिसास एक. त्यामुळं इंजिनाचा माझा गुरू कुठला एरोस्पेसवाला नाही. आमच्याकडं फवारणी पंप दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, साठीच्या पुढचे. इंजिन टेबलाला बांधून पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "वरच्या आवाजात उपाशी राहतंय. हाय अर्धा फेरा सोड." सोडला. आवाज भरला.

जाता जाता सांगतो, विमानाचं इंजिन म्हटलं की बंगळुरू आठवतं, पण आपल्या नगरचाही त्यात हात आहे. नगरची व्हीआरडीई, डीआरडीओची वाहनं विकसित करणारी संस्था, तिनं बंगळुरूच्या संस्थांसोबत 'निशांत' या मानवरहित विमानासाठी वँकेल जातीचं इंजिन तयार करण्यात भाग घेतला. पंचावन्न हॉर्सपॉवरचं. २००९ मध्ये ते इंजिन लावून विमान उडवलं होतं. आमच्या जिल्ह्यातल्या किती पोरांना हे माहितीये? मला कॉलेज संपेपर्यंत माहीत नव्हतं.

माझ्या इंजिनला वीस इंची लाकडी पंखा आहे. सात हजार आरपीएमला त्या पंख्याचं टोक ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या वर फिरतं. दिसतच नाही ते, नुसता धूसर गोल दिसतो. इंजिन चालू असताना पंख्याच्या पुढं किंवा बाजूच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, मागूनच हात घालायचा. आमच्या शेडमध्ये याबाबतीत मी सासूपेक्षा कडक होतो.

बरं, विमान बांधलं, इंजिन लावलं. लोकांना वाटतं झालं. इथून पुढचं काम निम्म्याहून जास्त आहे. ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळं त्याचे रील बनत नाहीत.

पहिलं, तोल. विमानाचं वजन पंखाच्या नेमक्या एका रेषेवर पेललं गेलं पाहिजे. माझ्या पंखाची रुंदी सदतीस सेंटीमीटर. पुढच्या कडेपासून साधारण नऊ ते दहा सेंटीमीटरवर तोल हवा. थोडा पुढं असला तर विमान जड चालतं, पण उडतं. मागं गेला तर ते हातात राहत नाही, नाक वर करतं आणि मग तुम्ही फक्त प्रेक्षक. माझं विमान मी शेडच्या लोखंडी अँगलला मऊ दोरानं टांगलं, जुन्या तागडीसारखं. पुढचं नाक आखूड, शेपूट लांब. त्यामुळं शेपटीत दहा ग्रॅम वाढले की नाकात तीस ग्रॅम टाकावे लागतात. म्हणून शेपटीचं लाकूड मी दोन वेळा पोखरून हलकं केलं आणि बॅटऱ्या सगळ्या पुढं, इंजिनच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. शिसं एक ग्रॅम लावलं नाही. हे मी जरा कौतुकानं सांगतोय, समजून घ्या.

दुसरं, वीज. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळं इथं माझं डोकं आपोआप चालायला लागलं. ऑफिसमध्ये आम्ही सारखं एकच विचारतो, यातली कुठली एक गोष्ट मेली तर सगळं मरेल? सर्व्हर दोन ठेवतो, डेटाबेसची कॉपी ठेवतो. पण खरं सांगू का, ऑफिसमध्ये काही पडलं तर मागचं व्हर्जन परत चढवता येतं. माफीचा मेल जातो. हवेत चाळीस मीटरवर मागचं व्हर्जन नसतं.

विमानात रिसीव्हर असतो. तो तुमच्या हातातल्या रिमोटचं ऐकतो आणि सर्व्हो नावाच्या छोट्या मोटारींना सांगतो, इतकं वळ. माझ्याकडं आठ सर्व्हो आहेत. सगळे एकदम जोर लावतात तेव्हा करंट उसळतो आणि बॅटरी बारीक असेल, वायर बारीक असेल, तर व्होल्टेज बसतं. व्होल्टेज बसलं की रिसीव्हर रिस्टार्ट होतो. तुमचा फोन रिस्टार्ट झाला तर तुम्ही वैतागता. विमानाचा रिसीव्हर दोन सेकंद बंद पडला तर ते तेवढ्यात पन्नास मीटर पुढं गेलेलं असतं, कुठल्या तरी दिशेनं.

म्हणून रिसीव्हरला दोन बॅटऱ्या, दोन वेगळे स्विच, दोन वेगळ्या वायरी. एक मेली तर दुसरी सांभाळते. इंजिनच्या ठिणगीला तिसरी वेगळी बॅटरी. शेपटीचा एलेव्हेटर, जो नाक वर-खाली करतो, तो दोन भागांत आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र सर्व्हो. एक जळाला तरी उरलेल्या अर्ध्या भागावर विमान कसंबसं उतरवता येतं. प्रत्येक जोडणीच्या प्लगला धाग्याची गाठ, कारण पेट्रोल इंजिनच्या थरथरीनं प्लग सुटतात. आणि फेलसेफ. म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला तर विमानानं स्वतःहून काय करायचं हे आधीच शिकवून ठेवायचं. माझ्यात सिग्नल गेला की थ्रॉटल बंद. विमान पडेल, पण इंजिन ओरडत गावाकडं जाणार नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. 'थ्री इडियट्स' मध्ये जो चार पंख्यांचा ड्रोन आहे ना, खिडकीबाहेर उडणारा, तो आयआयटी मुंबईतून निघालेल्या आयडियाफोर्जच्या पोरांचा होता. तसल्या ड्रोनमध्ये एक कॉम्प्युटर सतत तोल सांभाळत असतो. हात सोडला तर तो जागेवर थांबतो. माझ्या पुष्पकमध्ये तसं काही नाही. हात सोडला तर ते उडत राहतं, जिकडं तोंड असेल तिकडं. आणि ताशी चाळीस किलोमीटरच्या खाली वेग गेला तर पंख हवा सोडतो आणि ते खाली येतं. मे महिन्यातल्या उन्हात तर आणखी लवकर, कारण तापलेली हवा विरळ असते. पंधरा डिग्रीच्या थंड सकाळी जेवढी हवा पंखाखाली असते, त्यापेक्षा चाळीस डिग्रीला आठ टक्के कमी. म्हणून आम्ही थंडीतच उडवायचं ठरवलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही विचारणार. २०२१ चे ड्रोन नियम रिमोटवरच्या विमानालाही लागू आहेत. पंचवीस किलोपर्यंतचं, फक्त शिकायला, चाचणीला किंवा हौसेला, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं, त्याला नियमात 'मॉडेल' म्हणतात आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण नोंदणी, विमा, दोन किलोच्या वर रिमोट पायलटचं सर्टिफिकेट, हे आहे. नकाशात आपली जागा हिरव्या झोनमध्ये आहे का ते बघायचं आणि चारशे फुटांच्या वर जायचं नाही. शिर्डीचा विमानतळ काकडीला आहे, आमच्यापासून पुरेसा लांब. तरी बघूनच घ्यायचं. नियम बदलत असतात, माझ्या पॉडकास्टवर विसंबू नका.

आमच्या भागात आणखी एक भानगड होती. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीडकडच्या कितीतरी गावांत रात्री आकाशात ड्रोन दिसतात म्हणून घबराट झाली होती. लोक काठ्या घेऊन जागत होते. अशा वातावरणात तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन फिरवताय म्हटल्यावर काय होईल? मी आधीच ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिला, फोटोसकट. ठाण्यातल्या साहेबांनी फोटो बघितला आणि विचारलं, "याच्यात माणूस बसतो का?" मी म्हटलं, "नाही साहेब." ते म्हणाले, "मग बरंय."

माणूस बसणारं विमान घरी बांधणाराही आपल्याकडं आहे, बरं का. कॅप्टन अमोल यादव. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं. त्यानंतरही उडवायच्या परवानगीसाठी वाट पाहावी लागली, आणि चाचण्या झाल्या त्या धुळ्याच्या विमानतळावर. त्या माणसाच्या बातम्या आल्या की सगळे गच्चीबद्दल लिहितात, क्रेननं विमान खाली कसं आणलं त्याबद्दल लिहितात. मला मधली वर्षं जास्त दिसतात. बांधून झालेलं विमान समोर उभं आहे आणि तुम्ही ते उडवत नाही. ते सोपं नसतं. किती सोपं नसतं हे मला माझ्या छोट्या मापात कळलं, ते आता सांगतो.

विमान तयार झाल्याची बातमी गावात पसरली तेव्हा तात्या, म्हणजे माझे चुलते, घरी आले. म्हणाले, "यात्रेला उडव. कुस्त्यांच्या आखाड्यावरून एक चक्कर मार. फुलं टाकता येतील का?" तात्यांचा शब्द घरात मोडत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मलाही गुदगुल्या झाल्या. तीन वर्षं लोकांनी हसून विचारलं होतं, "इंजिनिअर, किती उडालं?" आता अख्खा गाव मान वर करून बघणार.

मी तात्यांना गणित करून दाखवलं. दहा किलो, ताशी नव्वद किलोमीटर. त्याचा धक्का किती? पन्नास किलोची सिमेंटची गोणी दोन मजल्यांवरून खाली टाकली तर जेवढा, तेवढा. शिवाय पुढं फिरता पंखा आणि टाकीत पेट्रोल. "तात्या, यात्रेत कोणाच्या डोक्यावरून तुम्ही सिमेंटची गोणी दोरीला बांधून फिरवाल का? दोरी पक्की असली तरी?" तात्या गप्प बसले. मग म्हणाले, "तुझी दोरी पक्की नाही का?" मी म्हटलं, पक्की आहे. म्हणूनच लोकांवरून नाही नेत. त्यांना ते पटलं असं नाही. चहा अर्धा ठेवून गेले.

मधला मार्ग निघाला. नदीपलीकडं आमच्या ओळखीच्या एकांची मुरमाड पडीक जमीन आहे, दोनशे मीटर लांब. तीन बाजूंना वस्ती नाही. एका बाजूला ऊस आहे. उसात विमान गेलं तर शोधायला कोण जाणार हा वेगळा प्रश्न, कारण आमच्याकडच्या उसात बिबट्या असतो ही अफवा नाही, आमच्या गोठ्याला जाळी उगाच नाही लावलेली. तारीख ठरली, जानेवारीतला एक रविवार, सकाळी आठ. मी घरच्यांना आणि चार मित्रांना सांगितलं होतं. आले चाळीस जण. तात्या नारळ घेऊन आले. मंडळाची पोरं फोन सरळ धरून उभी. कोणीतरी लाइव्ह चालू केलं.

दोर बांधून सगळ्यांना पन्नास मीटर मागं उभं केलं. विमानाची शेपूट खुंटीला बांधली. उडवण्याआधी रेंज टेस्ट करायची असते. रिमोटची ताकद मुद्दाम कमी करायची, तीस पावलं लांब जायचं आणि सगळे सर्व्हो नीट हलतात का बघायचं. इंजिन बंद ठेवून केली. एकदम स्वच्छ. मग इंजिन चालू करून केली. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत ठीक. पूर्ण थ्रॉटल दिला आणि एलेव्हेटरचा डावा भाग थरथरला. बारीक. भिंतीवरची पाल शेपटी हलवते तेवढा. विमानाजवळ उभ्या मित्राला दिसला, मागच्या चाळीस जणांना काहीच दिसलं नाही. त्यांना फक्त दणदणीत आवाज आला आणि टाळ्या पडल्या.

पुन्हा केलं. पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा नाही थरथरला.

आणि हा तिसरा निकाल सगळ्यात वाईट. दर वेळी होणारा बग सापडतो. कधी होतो, कधी नाही, तो बग तुम्हाला मोहात पाडतो. डोक्यात आवाज येतो की आता गेलं, मघाशी काहीतरी असेल. हवा शांत होती, ऊन कोवळं होतं, तात्यांच्या हातात नारळ होता. मी इग्निशनचा स्विच बंद केला आणि तिकडं जाऊन सांगितलं, "आज नाही."

काय झालं असेल ते तुम्हाला माहितीये. कोणी काही वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. एक जण म्हणाला, "भाऊ, जरा तरी उचलायचं, दोन फूट." लाइव्हवाल्यानं "तांत्रिक अडचण" असं म्हणून फोन खाली केला. तात्यांनी नारळ पिशवीत ठेवला. आमचे अण्णा, जे तीन वर्षांत शेडकडं फारसे फिरकले नव्हते, ते पुढं आले आणि विमानाचं एक चाक धरून म्हणाले, "चल, गाडीत घालू."

संध्याकाळी मिस्त्रींना बोलावलं. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दिवसा काय दिसणार? अंधार पडू दे." रात्री आठला शेडचे सगळे दिवे बंद केले, विमान बांधलं, इंजिन चालू केलं. अंधारात प्लगच्या टोपीपाशी निळी बारीक ठिणगी नाचताना दिसली. टोपीतली स्प्रिंगची कडी मुळातच ढिली आली होती. ती प्लगला घट्ट धरत नव्हती, त्यामुळं वायरीवरचं जाळीचं आवरण, जे ठिणगीचा गोंधळ आत कोंडून ठेवतं, ते जमिनीला जोडलंच जात नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "मपल्या पंपाला अशानं नुसता झटका बसतो. तुझ्या विमानाला वात झाला."

बरोबरच होतं. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट असल्या गोंधळाला सहसा दाद देत नाहीत. पण शेपटीपर्यंत गेलेली सर्व्होची लांब वायर स्वतःच अँटेनासारखी वागते. पूर्ण थ्रॉटलला थरथर वाढली की टोपी हलायची, ठिणगी बाहेर पडायची, आणि मागचा सर्व्हो वेड्यासारखं करायचा. पूर्ण थ्रॉटल कधी देतात? टेकऑफला. जमिनीपासून दहा फुटांवर, लोकांसमोर.

नवी टोपी मागवली, लांब वायरीला फेराइटची कडी घातली, रिसीव्हर इंजिनपासून आणखी मागं सरकवला. तोल पुन्हा मोजला, अर्थात. मग शेडमध्ये तीन आठवडे रोज रेंज टेस्ट. मी पुण्यात असलो की अण्णा करायचे. होय, अण्णा. व्हिडिओ कॉलवर मला दाखवायचे, "हे बघ, हलत नाही." त्यांनी एका वहीत तारीख आणि 'ठीक' असं लिहून ठेवलंय. सतरा ओळी आहेत.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी सात वाजता गेलो. मी, अण्णा, मिस्त्री आणि तो मित्र. तात्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं होतं. ते म्हणाले, "उडालं की सांग."

वीस-पंचवीस मीटर पळालं आणि उचललं. मी हातानं काही केलंच नाही, ते आपलं आपण वर गेलं. थोडं उजवीकडं ओढत होतं, चार क्लिक ट्रिम दिला. उसावरून डावं वळण, सूर्य पंखातून आरपार दिसला, आतल्या फासळ्या दिसल्या. ही फासळी कुठल्या शनिवारी चिकटवली तेही आठवलं. आठ मिनिटं उडवलं. उतरताना एकदा उडी मारून मग बसलं. बॅटऱ्या तपासल्या, तीनशे एमएएचच्या आत खर्च. मिस्त्रींनी इंजिनला हात लावून बघितला आणि म्हणाले, "लो पाव फेरा आवळ."

खर्च विचारणाऱ्यांसाठी: तीन वर्षांत मिळून एक लाख पंधरा हजार, त्यात इंजिन आणि रेडिओचेच निम्मे. एवढ्यानं सुरू करू नका. आधी फोमचं, अडीचशे ग्रॅमच्या आतलं विमान घ्या, दहा वेळा पाडा. कॉलेजात असाल तर एनसीसीची एअर विंग बघा, तिथं एरोमॉडेलिंग शिकवतात. इंजिनिअरिंगला असाल तर एसएईच्या एरो डिझाइन स्पर्धेची टीम कॉलेजात आहे का विचारा. आणि गावात फवारणी पंप दुरुस्त करणारं कोणी असेल तर त्यांच्याशी आत्ताच ओळख करून ठेवा.

आतापर्यंत अकरा उड्डाणं झालीत. यात्रेत विमान गेलं, पण उडत नाही. मंडपात टेबलावर ठेवलं होतं, पंखा काढून, टाकी रिकामी करून. तात्या दिवसभर शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "हात लावू नका, दोन बॅटऱ्या आहेत त्यात."

पुढच्या भागात पुष्पकच्या चाकांचं सांगतो, मुरमावर दोनदा वाकलेत. भेटू.